नऊ नंबरने पाहिलेला सूड

मी जुना संगणक आहे, मित्रांनो, पण विसराळू नाही. माझ्याशी कोण कसे वागले, ते मला सगळे आठवते. कोणी माझ्या पडद्यावरून मऊ फडके फिरवले, कोणी माझ्या कळांमध्ये बिस्किटाचा भुगा सांडला, कोणी स्वतःचा राग माझ्या डोक्यावर थापा मारून काढला, ते मी विसरलेलो नाही. तुमच्या शाळेत मला आणून महिना झाला. तुम्ही मला ‘खटारा’ म्हणता, तेही मी ऐकले आहे. असू द्या. आज तुमचा तास रिकामा आहे, तेव्हा माझी हकीकत ऐका. ती अर्धी माझी आहे आणि अर्धी एका मुलीची, जिने माझ्यासमोर बसून सूड घेतला.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझे शेवटचे चार स्क्रू पिळले. तिसरा जरा तिरका बसला, तर तिने तो काढून पुन्हा बसवला. कोणी पाहत नव्हते, तरी बसवला. तिचे नाव माझ्या अंगावर कुठेच नाही. कंपनीचे आहे, मोठ्या अक्षरांत.

तिथून मी एका महाविद्यालयात आलो. पहिल्या मजल्यावर लांब खोली, खिडक्यांना निळे पडदे, आणि आम्ही वीस जण दोन रांगांत. माझ्या कपाळावर नऊचा आकडा चिकटवला. तिथले काका, म्हणजे खोलीच्या किल्ल्या सांभाळणारे शिपाई, पुढे मी वारंवार अडकायला लागल्यावर म्हणायचे, “बाकीचे एकोणीस गुणाचे. या एकाने माझ्या नाकी नऊ आणले!” आणि स्वतःच हसायचे.

खोलीच्या उद्घाटनाला मोठे सर आले होते. सगळे त्यांना ‘मोठे सर’च म्हणत. ते भूगर्भशास्त्र विभागाचे निवृत्त प्रमुख होते आणि आता संस्थेच्या कार्यकारी मंडळावर होते. त्यांनी फीत कापली, माझ्यासमोर बसून फोटो काढून घेतला आणि माझी कळ अशी ठोकली की जणू बंद दार वाजवत आहेत. भाषणात म्हणाले, “ही खोली व्हावी ही माझी कल्पना.” मागच्या रांगेत एक मॅडम उभ्या होत्या. या खोलीसाठी चार वर्षे अर्ज त्यांनी केले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी नवा होतो. मला वाटले, जगाची रीतच अशी असेल.

पहिली काही वर्षे माझ्यासाठी रांगा लागत. मग पंखा घरघरू लागला, स्पेसची कळ अडकू लागली. मुले धावत येऊन दुसरे संगणक पकडत. जो सर्वांत उशिरा येई, त्याच्या वाट्याला मी. म्हणून भिंगरी माझ्या वाट्याला आली.

भिंगरी हे तिचे वर्गातले नाव. बोलताना हात आणि पाय दोन्ही हलत, म्हणून. दुसऱ्या वर्षाला होती. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार मॅडमचा तास असे. मॅडम माहितीलेखन शिकवत. त्या वर्षी त्यांनी निबंध बंद केले आणि सांगितले की प्रत्येकाने इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशातला एक लेख सुधारायचा. जगात कोणीही उघडून वाचू शकेल असा.

“इथे कोणीही लिहू शकतं,” मॅडम म्हणाल्या, “म्हणूनच इथे कोणाचाही नुसता शब्द चालत नाही. माझाही नाही. कुठे छापलंय ते तळटीपेत दाखवायचं. आणि एक लक्षात ठेवा. प्रत्येक पानाला इतिहास असतो. कोणी, कधी, काय लिहिलं, काय खोडलं, सगळं तिथे राहतं. आधी धूळपाटीवर सराव करा. ते कच्चं पान आहे, तिथे वाटेल ते गिरवा.”

भिंगरीच्या शेजारी पैलवान बसे. अंगाने दांडगा, दोन बोटांनी टंकणारा. त्याने दोरीच्या गाठींवरचा लेख घेतला होता. पहिल्याच दिवशी त्याने लिहिले की ही गाठ सर्वांत पक्की असते.

“संदर्भ?” मॅडमनी विचारले.

“बाबा.”

“बाबा कुठे छापून आलेत?”

वर्ग हसून लोळला. पैलवानही हसला. भिंगरी मात्र हसली नाही. ती माझ्या पडद्याकडे पाहत होती. तिने मोठ्या सरांवरचा लेख उघडला होता. त्यात एक वाक्य होते: ‘त्यांनी एकट्याने अकरा वर्षे पायपीट करून शहरातील झऱ्यांचा नकाशा तयार केला.’ ते तिने ओठांतल्या ओठांत चारदा वाचले. मग ‘एकट्याने’ या शब्दाखाली माझ्या काचेवर नख ओढले. तो ओरखडा अजून आहे. जवळ येऊन पाहिलात तर दिसेल.

“काय झालं गं?” पैलवानाने विचारले.

“माझी आत्या,” ती म्हणाली.

आणि मग तिने त्याला हळू आवाजात सगळे सांगितले. माझ्या पंख्याच्या घरघरीत ते फक्त आम्हा दोघांनाच ऐकू आले.

तिची आत्या याच महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायिका होती. मोठ्या सरांच्या हाताखाली. अकरा वर्षे, दर सुट्टीच्या दिवशी, खांद्यावर मोजपट्टीची काठी आणि पिशवीत वही घेऊन ती झरे शोधत फिरली. कुठे कोणाच्या परसात, कुठे पुलाखाली, कुठे बंद पडलेल्या गिरणीच्या तळघरात. थंड पाण्यात गुडघाभर उभी राहून ती पाण्याची उंची मोजायची. सर वर्षातून दोनदा यायचे, छायाचित्रकाराला घेऊन. नकाशा छापून आला, तेव्हा त्यावर एकच नाव होते. आत्याने एकदाच विचारले. सर म्हणाले, “नकाशावर मजुरांची नावं नसतात.”

“मग?” पैलवान म्हणाला.

“मग काही नाही. ती घरी आली आणि स्वयंपाकाला लागली. आता तिला तीन पायऱ्या चढवत नाहीत. गुडघे गेलेत. तिचा पलंग आम्ही बाहेरच्या खोलीत आणलाय. आणि हा माणूस ‘एकट्याने’!” तिने माझी कळ इतक्या जोरात दाबली की मी कळवळलो. “मी याला सोडत नाही.”

तिने लेखाच्या पहिल्या ओळीत लिहिले: ‘हा माणूस चोर आहे.’ आणि प्रकाशित केले.

चार मिनिटांत ते वाक्य गेले. कुठल्याशा गावात बसून या लेखांची राखण करणाऱ्या एका अनोळखी सदस्याने ते उलटवले होते. सदस्याचे नाव होते ‘पाणकोंबडी’. भिंगरीला निरोप आला: ‘नमस्कार. आपले संपादन उलटवले आहे. सराव करायचा असल्यास कृपया धूळपाटी वापरावी.’

“नमस्कार म्हणतोय मला!” भिंगरी फणफणली.

“किंवा म्हणतेय,” पैलवान म्हणाला.

तिने ‘ढोंगी’ लिहिले. ते दोन मिनिटांत गेले. तिने ‘लबाड’ लिहिले. ते गेले आणि यावेळी निरोपात नमस्कार नव्हता, ताकीद होती. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला मजा येत होती. उद्घाटनाच्या दिवशीचा तो ठोसा मी विसरलो नव्हतो. मला वाटत होते, पोरी, लिही, आणखी लिही.

पुढच्या शुक्रवारी ती आली तेव्हा तिचे हात हलत नव्हते, पाय हलत नव्हते. अगदी शांत होती. तिने सरांच्या जन्मवर्षापुढे एक आडवी रेघ काढली आणि त्या आठवड्यातली तारीख घातली. मग खाली लिहिले: ‘अल्पशा आजाराने निधन.’ भाषा ज्ञानकोशासारखीच कोरडी. आणि शेवटी तळटीप. वर्तमानपत्राचे नाव, दिनांक, पान क्रमांक. वर्तमानपत्र खरे होते, बातमी नव्हती. तळटीप कशी द्यायची, ते ती मॅडमकडून फार नीट शिकली होती.

पैलवान टंकायचा थांबला. “अगं, हे काही बरं नाही.”

“दोन दिवस मेला तर काय बिघडतं? माझ्या आत्याला त्याने तीस वर्षं मारून ठेवलंय.”

चार मिनिटे झाली. दहा झाली. तास संपला. पाणकोंबडीला ते दिसले नाही. तळटीप पाहून बाकीचेही फसले. सोमवारपर्यंत ते वाक्य तसेच होते.

मंगळवारी मॅडम आल्या त्या दार लावूनच. चेहरा पांढराफटक.

“शनिवारी सकाळी एक माजी विद्यार्थी पांढरी फुलं घेऊन मोठ्या सरांच्या घरी गेला,” त्या म्हणाल्या. “दार सरांनीच उघडलं.”

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले.

“हसू नका. सरांच्या पत्नी परगावी मुलीकडे होत्या. त्यांना कोणीतरी सांत्वनाचा फोन केला. त्यांनी घरी फोन लावला, तर बंद. लोकांच्या फोनना वैतागून सरांनी तो बंद करून ठेवला होता. त्या बाई सहा तास बसमध्ये बसून आल्या. एकट्या. नवरा गेला असं समजून.”

आमच्या वीस पंख्यांचा आवाज तेवढा खोलीत राहिला. माझी मजा तिथेच संपली. त्या बाईंचे कोणाशी काही वैर नव्हते.

मॅडमनी भिंतीवरच्या पडद्यावर पानाचा इतिहास उघडला. भिंगरीचे सदस्यनाव, वार, वेळ, सगळे तिथे होते. कोणी विचारण्याआधी ती उभी राहिली.

“मी केलं.”

सगळे गेल्यावर मॅडमनी स्टूल ओढले आणि माझ्या बाजूला बसल्या. म्हणाल्या, “सरांनी प्राचार्यांना पत्र दिलंय. तुला काढून टाका आणि हा वर्ग बंद करा. माझी नेमणूक दर वर्षी नव्याने होते, तुला माहीत असेल. त्या कागदावर सही मंडळाची असते. पण मला त्याचा राग नाही. राग याचा आहे की मी शिकवलेली तळटीप तू खोट्यासाठी वापरलीस.”

भिंगरी रडली. नाक ओढत आत्याचे सगळे सांगितले. मॅडम ऐकत राहिल्या. मला वाटते, त्यांनाही कुठल्यातरी भाषणातल्या टाळ्या आठवल्या असतील.

“पुरावा?” शेवटी त्यांनी विचारले.

“आत्या आहे ना.”

“आत्या कुठे छापून आली आहे?”

यावेळी कोणी हसले नाही.

“चौकशी करून अहवाल द्यायला मला पंधरा दिवस दिलेत,” मॅडम म्हणाल्या. “तेवढ्यात शोध. सूड घ्यायचाय ना तुला? मग असा घे की पाणकोंबडीलाही उलटवता येऊ नये.”

“सापडला की लगेच लिहिते.”

“तू लिहायचं नाहीस. तू भाची आहेस. लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर मांडायचं, आपण कोण ते सांगून. लेखात लिहील दुसरं कोणीतरी.”

“सूड माझा आणि लिहिणार दुसरं?”

“हो. म्हणूनच तो टिकेल.”

मग सुरू झाले शोधणे. ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांचे बांधलेले गठ्ठे होते, एकेक पाट्या-वरवंट्याएवढा जड. ते उतरवायला पैलवान कामी आला. भिंगरी पाने उलटायची. दुपारी माझ्यासमोर यायची तेव्हा तिच्या बोटांना काळपट धूळ असायची आणि ती माझ्या कळांवर उतरायची. त्या धुळीबद्दल मी तक्रार केली नाही. नऊ दिवस काही सापडले नाही. तिच्या डोळ्यांखाली वर्तुळे आली. “आत्याला विचार ना कुठे छापलंय,” पैलवान म्हणायचा. ती म्हणायची, “तिला कळू द्यायचं नाही. आधी हातात काहीतरी येऊ दे.”

दहाव्या दिवशी ती जिना चढून धावत आली. पाणीपुरवठा खात्याचा तीस वर्षांपूर्वीचा छापील अहवाल. पान सत्तेचाळीस. झऱ्यांचे भले मोठे कोष्टक आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत: ‘अकरा वर्षांतील सर्व मोजणी प्रत्यक्ष जागेवर.’ पुढे आत्याचे संपूर्ण नाव, आणि ‘प्रयोगशाळा सहायिका’.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रातली बातमी सापडली, आणि तिच्यासोबत फोटो. भिंगरीने तो माझ्या पडद्यावर मोठा केला. गुडघाभर पाण्यात उभी असलेली एक तरुण बाई, हातात काठी, केस घट्ट बांधलेले, कॅमेऱ्याकडे न पाहता पाण्याकडे पाहणारी. बातमीदाराने विचारले होते, सोबत कोणी असते का? उत्तर छापले होते: ‘सर येतात कधीकधी.’

“गुडघे बघ,” भिंगरी म्हणाली. पैलवानाने मान खाली घातली.

मॅडमनी आणखी एक गोष्ट काढली. भिंतीवरच्या पडद्यावर त्या लेखाच्या इतिहासात अगदी तळाशी गेल्या. ‘एकट्याने’ हा शब्द पहिल्यांदा कोणी लिहिला? ‘भूगर्भरत्न’ नावाच्या सदस्याने. त्या सदस्याने आयुष्यात एकच लेख लिहिला होता, हाच. पंधरवड्यात पहिल्यांदा मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला.

भिंगरीने चर्चा पानावर लिहिले: ‘मी संबंधित सहायिकेची भाची आहे. याच लेखात मी पूर्वी खोटी माहिती घातली होती. त्याबद्दल माफी मागते. मात्र खालील दोन संदर्भ कृपया तपासावेत.’ ‘माफी’ हा शब्द तिने चारदा टंकला आणि तीनदा खोडला.

दुसऱ्याच दिवशी पाणकोंबडीचे उत्तर आले: ‘दोन्ही संदर्भ तपासले. अहवालाची प्रत आमच्या ग्रंथालयातही आहे. बदल करत आहे.’ आणि लेखातला ‘एकट्याने’ गेला. त्या जागी आले: ‘या नकाशासाठीची सर्व मोजणी प्रयोगशाळा सहायिका’, पुढे आत्याचे नाव, ‘यांनी अकरा वर्षे प्रत्यक्ष जागेवर केली.’ खाली दोन तळटीपा. बस, इतकेच.

पंधरावा दिवस मंगळवार होता. तास चालू असताना दार उघडले आणि मोठे सर आत आले. मागे त्यांच्या पत्नी. काठापदराची साधी साडी, हातात कापडी पिशवी.

“ते वाक्य आत्ताच्या आत्ता काढा,” सर मॅडमना म्हणाले.

“मला काढता येत नाही, सर. त्याला संदर्भ आहेत.”

“मी सांगतोय ना!”

“तुम्ही सांगून किंवा मी सांगून तिथे काही होत नाही. तेच तर शिकवतेय मी इथे.”

सर इकडेतिकडे पाहू लागले. सगळ्या जागा भरलेल्या. भिंगरी उठली आणि तिने माझ्यासमोरची खुर्ची मागे ओढून दिली. सर बसले. पंधरा वर्षांनी ते पुन्हा माझ्यासमोर होते. पडद्यावर भिंगरीचेच खाते उघडे होते. सरांनी खोडायला हात पुढे केला, तशा मॅडम म्हणाल्या, “तिच्या नावाने नको, सर. आपल्या नावाने करा.”

रागाच्या भरात माणसाची बोटे सवयीने चालतात. त्यांनी सदस्यनाव टंकले, परवलीचा शब्द टंकला, आणि माझ्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात नाव उमटले: भूगर्भरत्न.

पैलवानाने शेजारच्याला कोपर मारले आणि सगळे माझ्याभोवती गोळा झाले. वर्गातल्या वीसच्या वीस जणांनी ते नाव वाचले. सरांना मात्र काय घडले ते कळलेच नाही.

मित्रांनो, मी एरवी दर पाच मिनिटांनी अडकणारा संगणक. काकांनी मला हजारदा शिव्या घातलेल्या. त्या दिवशी मी एकदाही अडकलो नाही. इतका चपळ मी कारखान्यातून निघालो तेव्हाही नव्हतो. सरांनी वाक्य खोडले, मी क्षणात ते पोचवले. तीन मिनिटांत पाणकोंबडीने ते परत आणले. सरांनी पुन्हा खोडले. पुन्हा आले. तिसऱ्यांदा खोडले आणि त्या जागी स्वतःच्या हाताने टंकले, ‘एकट्याने’.

थोड्या वेळाने पडद्यावर एक चौकट आली. सरांनी ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. लिहिले होते: ‘संदर्भ असलेला मजकूर वारंवार काढल्यामुळे आणि स्वतःविषयी लेखन करत असल्याच्या संशयावरून आपले संपादन स्थगित करण्यात आले आहे.’

“हे कोण आहे? मला अडवणारा हा कोण?” सर ओरडले. माझ्या डोक्यावर त्यांचा हात आपटला. “कोणा कोंबडीचं मी ऐकायचं?”

आणि मग त्यांच्या पत्नी बोलल्या. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“ती दर सोमवारी सकाळी आपल्या घरी यायची. ओल्या चपला दाराबाहेर काढून. वह्या द्यायला. मी तिला चहा विचारायचे, तर म्हणायची, नको, कॉलेजात जायला उशीर होतो.”

“तू यात पडू नकोस.”

“मी सहा तास बसमध्ये विचार करत होते,” त्या म्हणाल्या, “की तुमच्यामागे तुमच्याबद्दल लोक काय सांगतील. मलाच एक गोष्ट आठवत राहिली. त्या चपला.”

सर उठले. खुर्ची मागे पडली. ते दारातून बाहेर गेले, पण पत्नी गेल्या नाहीत. त्यांनी वर्गावर नजर फिरवली. “कोणी लिहिलं होतं ते? माझ्या नवऱ्याबद्दल?”

भिंगरी पुढे झाली. “मी, काकू. माझं चुकलं.”

“तू मला सहा तास विधवा केलंस.” त्यांनी तिला मारले नाही, जवळही घेतले नाही. “आत्याचं झालं ते चांगलं झालं. पण मी तुला माफ केलेलं नाही. ते तुझं तू सांभाळ.”

पिशवी सावरत त्या जिना उतरून गेल्या. भिंगरीने पडलेली खुर्ची उचलून सरळ केली.

मॅडमनी अहवालात सगळे लिहिले, भिंगरीचे खोटेही आणि भूगर्भरत्नही. प्राचार्यांनी भिंगरीला काढले नाही. त्या विषयात शून्य गुण दिले आणि वर्ष पुन्हा करायला लावले. तिने ते मुकाट्याने केले. वर्ग चालू राहिला. मॅडमच्या कागदावर मंडळाची सही झाली, कारण त्या बैठकीला मोठे सर आले नाहीत. नंतरच्या कुठल्याच बैठकीला आले नाहीत. बागेत फिरायला जातात, असे काका सांगत. भेटणारे नमस्कार करतात आणि मग विचारतात, “सर, ती मोजणी कोणी केली होती म्हणे?” काकांनी स्वतः दोनदा विचारले होते.

मग एका मंगळवारी आत्या आली. जिना चढवेना म्हणून काका आणि पैलवान यांनी तिला खुर्चीसकट उचलून आणले. “अरे, पाडाल मला!” ती ओरडत होती. “झऱ्यात नाही पडले, तुमच्या जिन्यात पडेन!”

तिला माझ्यासमोर बसवले. पिशवीतून चष्मा काढून, पदराने पुसून तिने तो लावला. ते एक वाक्य वाचायला तिला इतका वेळ लागला की भिंगरीचे हात पुन्हा हलायला लागले.

“आत्या, काहीतरी बोल ना.”

“‘यांनी’ लिहिलंय,” आत्या म्हणाली.

“म्हणजे?”

“‘हिने’ नाही लिहिलं. ‘यांनी’ लिहिलंय.” तिने चष्मा काढला, पुन्हा लावला. “कॉलेजात मला ‘ए’ म्हणायचे गं. ‘ए, काठी आण.’”

मॅडम खिडकीकडे वळून पडदा सारखा करू लागल्या. तो सारखाच होता.

मला वाटले, आता ती रडेल आणि गोष्ट संपेल. पण आत्याने बोटाने विचारले, खाली कसे जायचे? भिंगरीने दाखवले. लेखाच्या तळाशी नकाशातल्या झऱ्यांची यादी होती. आत्या एकेक नाव वाचत उतरू लागली, ओळखीच्या गल्लीतून चालावे तशी. एका नावावर बोट थांबले. सरांच्या बंगल्यामागचा झरा.

“हा खोटा आहे.”

“काय?”

“इथे पाणी कधीच नव्हतं. मी दोन उन्हाळे, दोन पावसाळे मोजलं. ठणठणीत कोरडा दगड. घरामागे झरा आहे असं सांगायला बरं वाटतं, म्हणून घातला असेल त्याने.” तिचा आवाज इतका थंड होता की भिंगरीचा सूड त्यापुढे लहान मुलाचा रुसवा वाटावा. “काढा हा.”

“कशावरून काढायचा, आत्या? तुझ्या वह्या चालत नाहीत. छापील लागतं.”

“वह्या सगळ्या आहेत माझ्याकडे. पलंगाखालच्या पेटीत.” तिने चष्म्याची घडी घातली. “मग छापते.”

आणि छापल्या, मित्रांनो. वर्ष गेले त्यात. पाणीपुरवठा खात्याने त्या अकरा वर्षांच्या वह्यांचे पुस्तक काढले. आत्या पलंगावर बसून मुद्रिते तपासायची आणि भिंगरी ती घेऊन ये-जा करायची. पुस्तकात प्रत्येक झऱ्याला एक पान आहे. बंगल्यामागच्या त्या जागेलाही आहे. त्यावर चार तारखा आहेत आणि चारही तारखांपुढे एकच शब्द: ‘कोरडे.’ ज्ञानकोशातल्या यादीतून तो झरा गेला. तळटीप आहे.

भिंगरी आता त्याच ज्ञानकोशावर राखणीचे काम करते. कोणी कोणाला रागाने मारून टाकले असेल, तर शोधून पुसते. पण तिचे स्वतःचे ते वाक्य त्या पानाच्या इतिहासात अजून आहे. वार, वेळ, नाव, सगळे. ते तिला पुसता येत नाही आणि सरांच्या पत्नींनी तिला अजून माफ केलेले नाही. दर वर्षी ती त्यांना एक पत्र लिहिते. उत्तर येत नाही.

आणि मी? नवे संगणक आले, आम्हा वीस जणांना गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवले. तिथे दोन वर्षे मी उंदरांशी भांडलो. मग तुमच्या शाळेने मागणी केली आणि मी इथे आलो. माझी एक विनंती आहे. कळा हळू दाबा. त्यांच्यावर आधी पुष्कळ रागावलेली बोटे पडली आहेत. खाऊ खाताना हात पुसून या. आणि मी अडकलो तर डोक्यावर मारू नका, कारण मी लक्षात ठेवतो.

राहता राहिला राग. तुमचे केलेले काम उद्या कोणी स्वतःच्या नावावर घातले, तर राग येईल. यायलाच हवा. मी तुम्हाला तो गिळायला सांगणार नाही. पण तो पहिल्याच दुपारी माझ्या कळांवर ओतू नका. आधी जा, धुळीत हात घाला, कागद शोधा, पान क्रमांक लिहून आणा. मग या. मी आहे. त्या दिवशी मी अडकणार नाही.